मुठीचा डबा आणि मोठा चेक



आमच्या घरात एक पितळी डबा आहे. झाकणाला पोचा आलाय, कडी तुटलीय. माझ्या सासूबाई लग्न होऊन या घरात आल्या, तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांना त्यांच्या सासूनं सांगितलं, की दळायला बसायच्या आधी एक मूठ जोंधळा या डब्यात टाकायचा, मगच जात्याला हात लावायचा. कुणासाठी, असं विचारायची सोय नव्या सुनेला कुठली असायला! आठ-पंधरा दिवसांनी दोन पोरं खांद्यावर पोतं टाकून दारात उभी राहिली, तेव्हा त्यांना कळलं. "बोर्डिंगाची पोरं आल्यात गं, डबा आण," अशी हाक आली. डबा पोत्यात रिकामा झाला. पोरं पुढच्या दाराला गेली.

सासूबाई सांगायच्या, "त्या पोरांची नावं कधी कुणी इचारली न्हाईत. आन् त्यांनी बी आमचं नाव लिवून घेतलं न्हाई."

हे वाक्य मला मागच्या वर्षी फार आठवलं. का, ते सांगते.

आमच्या भागातल्या एका शाळेत एका कंपनीनं वीस मुलींना शिष्यवृत्ती दिली. प्रत्येकीला वर्षाला सहा हजार. चांगली गोष्ट. कार्यक्रम झाला, मांडव घातला, पुठ्ठ्याचा मोठा चेक आणला, माणसाएवढा. मुलींना रांगेत उभं केलं. मग कॅमेरावाला म्हणाला, एखाद्या मुलीनं घरची परिस्थिती दोन शब्दांत सांगावी. एका नववीतल्या पोरीला पुढं ढकललं. तिनं सगळ्या गावासमोर सांगितलं, की बाबा घर सोडून गेले, आई खुरपायला जाते. मग ती रडली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

तिची आई आमच्या बचत गटात आहे. पुढच्या बैठकीत ती म्हणाली, "मला नको ते पैसे. माझ्या घरातलं गावाला म्हायती हाय, पर माझ्या लेकीच्या तोंडनं वदवून घ्यायचं काय कारण?" दुसरी म्हणाली, "अगं, सहा हजार आहेत. वर्षभराचा पास, वह्या, सगळं निघतं. रडली तर रडली." भांडण झालं. खरंच झालं. दोघींचंही बरोबर होतं, म्हणून जास्तच झालं.

तेव्हा मी ठरवलं, की गरिबांच्या पोरांना शिकायला कुणी कुणी आणि कसं कसं दिलं, हे जरा मागं जाऊन बघायचं. आजचं बोलणं त्याबद्दल आहे.

शिकणाऱ्याला पैसे द्यायची रीत आपल्याकडे जुनी आहे. पेशव्यांच्या काळात श्रावणात पुण्यात दक्षिणा वाटली जायची, विद्वान ब्राह्मणांना. पुढं इंग्रज आले, त्यांनी तो दक्षिणेचा फंड पुढं चालू ठेवला, पण हळूहळू त्यातली रक्कम संस्कृत पाठशाळेकडे आणि मराठी पुस्तकांच्या बक्षिसांकडे वळवली. त्यावरून पुण्यात मोठं वादळ झालं होतं. याच दक्षिणा फंडातून पुढं जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या मुलींच्या शाळांना महिना ७५ रुपयांची मदत सुरू झाली. म्हणजे बघा, जो पैसा एका जातीच्या पुरुषांना वाटला जात होता, त्यातला थोडासा भाग माळ्या-कुणब्यांच्या, महार-मांगांच्या लेकरांपर्यंत पोहोचला. पैसा तोच राहिला, वाटप बदललं.

जोतीरावांनी आणखी एक गोष्ट केली, ती कमी सांगितली जाते. १८८२ साली शिक्षणाची चौकशी करायला सरकारनं हंटर कमिशन नेमलं होतं. त्यापुढं त्यांनी लेखी निवेदन दिलं. त्यात ते म्हणतात, की सरकारचा महसूल कष्टकऱ्यांच्या घामातून येतो, आणि खर्च मात्र वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर होतो. शिष्यवृत्तीबद्दलही त्यांचं म्हणणं होतं. परीक्षा घेऊन जो पहिला येईल त्याला शिष्यवृत्ती, हे वरवर न्यायाचं दिसतं, पण त्यानं ज्यांच्यात शिक्षण पोहोचलंच नाही त्यांच्यात ते पोहोचत नाही. ज्याच्या घरात आधीच दिवा आहे, तोच परीक्षेत पुढं राहणार. म्हणून काही शिष्यवृत्त्या मागे राहिलेल्यांसाठीच ठेवा, असं त्यांनी सुचवलं. एकशे चाळीसहून जास्त वर्षं झाली. आजही शाळेत "हुशार पण गरीब" असं म्हणतात ना? जी हुशार नाही, नुसतीच गरीब आहे, तिचं काय, हा प्रश्न तेव्हाचाच आहे.

मग आले राजे. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड महाराज. त्यांनी अमरेली भागात १८९३ साली सक्तीचं मोफत शिक्षण सुरू केलं आणि १९०६ साली ते सगळ्या संस्थानात नेलं. मुंबईत भीमराव आंबेडकर कॉलेजात शिकत होते. वडिलांची ओढाताण चाललेली. कृष्णराव अर्जुन केळुसकर नावाचे शिक्षक होते, त्यांनी शब्द टाकला आणि महाराजांनी महिना २५ रुपये शिष्यवृत्ती लावून दिली. पुढं १९१३ साली अमेरिकेला जाण्यासाठी महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. त्यात करार होता, की शिक्षण झाल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानात नोकरी करायची. पुढं ते बडोद्याला नोकरीला गेलेही, पण अस्पृश्य म्हणून त्यांना त्या शहरात राहायला जागा मिळाली नाही आणि परत यावं लागलं, ही गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. इतकी मोठी शिष्यवृत्ती दिली राजानं, विद्वान झाला माणूस, आणि शेवटी अडलं ते भाड्याच्या खोलीपाशी.

या गोष्टीत रमाबाई कुठं होत्या? मुंबईत, चाळीत. नवरा परदेशात शिकत असताना घर चालवत होत्या, पोटची लेकरं गमावत होत्या. बाबासाहेब शिष्यवृत्तीतले पैसे वाचवून घरी पाठवत, पण त्यात भागत नव्हतं. एक पोरगं शिकतं तेव्हा घरातली कुणीतरी बाई उपाशी राहून ती शिष्यवृत्ती पुरी करत असते. तिची नोंद कुठल्याच चेकवर नसते.

कोल्हापूरच्या शाहू महाराजांची तऱ्हा वेगळी होती. त्यांनी ओळखलं, की खेड्यातल्या पोराची अडचण नुसत्या फीची नाही. शहरात आला तर राहणार कुठं, खाणार काय? म्हणून त्यांनी वसतिगृहांवर भर दिला. १९०१ साली मराठा बोर्डिंग झालं, त्याच वर्षी जैन बोर्डिंग, मग मुसलमानांचं, लिंगायतांचं, आणि १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. जागा, पैसा, गावंच्या गावं इनाम. १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. पोर शाळेत घातलं नाही तर आईबापाला महिना एक रुपया दंड. त्या काळी रुपया म्हणजे थोडी गोष्ट नव्हती.

या जैन बोर्डिंगात एक धिप्पाड पोरगा राहत होता. कुंभोजला आजोळी १८८७ साली जन्मलेला, भाऊराव पायगोंडा पाटील. असं सांगतात, की मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला गेला म्हणून वसतिगृहात त्याला आंघोळ करून मगच आत यायला सांगितलं, आणि त्यानं ते ऐकलं नाही. बोर्डिंग सुटलं. मॅट्रिकही झाला नाही. मास्तर म्हणून शिकवण्या केल्या, मग किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकत गावोगाव फिरला. हे फिरणं महत्त्वाचं. कुठल्या घरात पोरगं हुशार आहे आणि ढोरामागं जातंय, कुठल्या गावात शाळाच नाही, हे त्याला नांगर विकता विकता कळलं. ४ ऑक्टोबर १९१९ ला कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू झाली. १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह निघालं, आणि सगळ्या जातींची पोरं तिथं एका पंगतीत जेवू लागली. १९२७ मध्ये महात्मा गांधी तिथं आले, त्यांच्या हातून त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असं नाव मिळालं.

शाहू महाराजांनी प्रत्येक जातीला आपापलं बोर्डिंग दिलं होतं. तेव्हा तेच शक्य होतं. भाऊरावांनी त्यांचंच नाव दिलेल्या बोर्डिंगात जाती एकत्र केल्या. मला वाटतं महाराजांना ते आवडलं असतं.

आता पैसा. बोर्डिंग काढलं, पण पोरांना रोज दोन वेळा जेवायला घालायचं म्हणजे काय असतं, ते आपल्याला सांगायला नको. पाच माणसांच्या घरात महिनाअखेरीला काय होतं! भाऊराव साताऱ्यातल्या एका नांगराच्या कारखान्यात काम करत होते. तिथल्या मालकांनी शिक्षणासाठी नफ्यातला वाटा द्यायचं कबूल केलं होतं आणि तो मिळेना, म्हणून त्यांनी ती नोकरी सोडली, असं त्यांचे चरित्रकार लिहितात. कारखान्यानं शाळेला मदत करायची कल्पना नवी नाही, मैत्रिणींनो. ती कल्पना मोडण्याची गोष्टही नवी नाही.

मग बोर्डिंग चाललं कशावर? तीन गोष्टींवर.

एक म्हणजे लक्ष्मीबाई. भाऊरावांच्या पत्नी. सोवळ्याओवळ्याच्या घरातून आलेल्या. त्यांच्या स्वयंपाकघरात दलित मुलं आली, तेव्हा पहिल्यांदा त्यांना जड गेलं असणार. कुणाला गेलं नसतं? पण मग त्याच मुलांच्या डोक्याला तेल लावायला, आजारपणात उशाशी बसायला त्याच होत्या. दागिने एकेक करून गेले. एकदा भाऊराव बाहेरगावी होते, बोर्डिंगात धान्याचा दाणा नव्हता, पोरं उपाशी झोपणार, तेव्हा त्यांनी गळ्यातलं मंगळसूत्र काढून दिलं. ही गोष्ट पाठ्यपुस्तकातही येते, त्यामुळं आपण ती सहज वाचून जातो. त्या काळातल्या बाईनं, नवरा जिवंत असताना, मंगळसूत्र काढून देणं म्हणजे काय, हे पाठ्यपुस्तकाला समजत नाही. आपल्याला समजतं. १९३० साली त्या वारल्या. त्यांच्या नावानं पुढं रयतच्या सेवकांनी शिक्षणाला मदत करण्यासाठी पतपेढी काढली. तिचीच पुढं रयत सेवक बँक झाली. बचत गटातल्या आपल्यासारख्या बायांनी हे ध्यानात ठेवायला हरकत नाही, की एका बाईच्या गळ्यातल्या सोन्याची आठवण पतपेढीच्या रूपानं राहिली.

दुसरं म्हणजे पोरांचे स्वतःचे कष्ट. शेतात काम, विहीर खणणं, इमारतीला दगड वाहणं. कमवा आणि शिका. १९४० साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल निघालं, तिथं फी नव्हती, कष्ट होते. आता कुणी म्हणेल, लहान पोरांकडून काम करून घेतलं. मीही कधी कधी असं मनात आणते. पण तिथून शिकलेल्या म्हाताऱ्यांना भेटले आहे मी. ते एकच सांगतात, आम्ही कुणाचं फुकट खाल्लं नाही. ऐंशीव्या वर्षी हे वाक्य ते मान वर करून बोलतात. त्या चेकपाशी उभ्या असलेल्या पोरीची मान मला तेव्हा आठवते.

आणि तिसरं, मुष्टीफंड. म्हणजे आमच्या घरातला डबा. रोज दळताना, नाहीतर भाकरीचं पीठ घेताना एक मूठ बाजूला. पोरं पोतं घेऊन येणार, धान्य बोर्डिंगात जाणार. या फंडाची खुबी बघा. एक मूठ धान्य देणारीला जाचत नाही. नवऱ्याला विचारायला लागत नाही, कारण पिठाच्या डब्यावर हुकमत बाईचीच. गरीब घरातली बाईसुद्धा देऊ शकते, म्हणजे देणारी आणि घेणारा यांच्यात फार अंतर राहत नाही. कुणाची मूठ कुणाच्या ताटात गेली हे कुणालाच ठाऊक नसतं. त्यामुळं पोराला एका घराचे उपकार डोक्यावर घेऊन फिरावं लागत नाही. तो सगळ्या तालुक्याचा देणेकरी, म्हणजे तसा कुणाचाच नाही.

हा फंड किती उपयोगी पडला ते १९४८ नंतर दिसलं. गांधीजींच्या हत्येनंतर भाऊरावांनी त्यांच्या नावानं शंभरावर हायस्कुलं काढायची घोषणा केली. पण सरकारवर ते उघड टीका करत, सरकारची मर्जी फिरली आणि संस्थेचं अनुदान थांबलं. शाळा चालू, मास्तरांचे पगार थकलेले. त्या वेळी लोकांनी संस्था सांभाळली, आणि गाडगेबाबा मुंबईचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्याकडे भाऊरावांसाठी रदबदली करायला गेले. स्वतः बाबा शाळेत गेलेले नव्हते. पुढं अनुदान सुरू झालं. जी संस्था एकाच दात्यावर उभी असते, मग तो दाता सरकार का असेना, तिचं काय होऊ शकतं हे साताऱ्यानं तेव्हा पाहिलं.

मोठ्या दात्यांबद्दलही सांगायला हवं, नाहीतर एकांगी होईल. महर्षी कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ सुरू केलं. कर्वे चार-चार आणे गोळा करत गावोगाव फिरणारे. १९२० साली मुंबईचे गिरणीमालक सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी त्या विद्यापीठाला १५ लाख रुपये द्यायचं कबूल केलं. अट अशी, की त्यांच्या आईचं नाव द्यायचं. कर्व्यांनी दिलं. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी. आज आपण एसएनडीटी म्हणतो ते हेच. तो पैसा नसता तर किती मुली शिकायच्या राहिल्या असत्या! आणि त्याआधी, १८९२ साली, जमशेटजी टाटांनी उच्च शिक्षणाला परदेशी जाणाऱ्यांसाठी निधी काढला होता. तो दान म्हणून नव्हे, कर्ज म्हणून द्यायचे, कमवायला लागलात की फेडा. पहिल्या लाभार्थींमध्ये एक बाई होती, डॉक्टर फ्रेनी कामा.

भाऊरावांची मात्र वेगळी गोष्ट सांगतात. कुणी धनवान मोठी देणगी घेऊन आला, म्हणाला, संस्थेला दिलेलं छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव काढून माझं नाव द्या. भाऊरावांनी त्याला परत पाठवलं; बापाचं नाव बदलेन पण हे नाही, अशा अर्थाचं काहीतरी बोलले म्हणे. कर्वे बरोबर की भाऊराव? मला विचाराल तर दोघंही. कर्व्यांनी आईचं नाव दिलं, कुणाचं पुसलं नाही. भाऊरावांना पुसायला सांगत होते.

आता एक कडू गोष्ट. माझ्या सासूबाई दुसरीपर्यंत शिकल्या. त्यांनी पंधरा-वीस वर्षं मूठ टाकली. त्या मुठीवर जी पोरं शिकली ती सगळी पोरं, म्हणजे मुलगे. त्यातले कुणी मास्तर झाले, मामलेदार झाले, एकजण आमच्याच तालुक्याला सभापती झाला. धान्य बायांचं, ताट मुलग्यांचं. रयतनं मुलींसाठी काहीच केलं नाही असं नाही. साताऱ्यात शिक्षिका तयार करायला जिजामाता अध्यापिका विद्यालय निघालं, पुढं मुलींची वसतिगृहं झाली. आज सातशेच्या वर शाखा आहेत आणि वर्गात मुली भरलेल्या आहेत. पण त्या पहिल्या पंचवीस वर्षांत ज्या बायांनी डबे भरले, त्यांच्या लेकी चुलीपाशीच होत्या. सासूबाईंना मी एकदा विचारलं, राग नाही आला? म्हणाल्या, "तवा कुठं सुचलं की पोरीला बी धाडावं. सुचलं असतं तर आला असता."

स्वातंत्र्यानंतर सरकारनं ही जबाबदारी बरीचशी आपल्याकडे घेतली. यशवंतराव चव्हाणांच्या काळात ज्यांचं वर्षाचं उत्पन्न ९०० रुपयांच्या आत आहे त्यांच्या पोरांची फी माफ झाली. ईबीसी म्हणायचे त्याला. आपल्या कित्येकींचे वडील, भाऊ त्या ईबीसीवर शिकले. पुढं मुलींचं बारावीपर्यंतचं शिक्षण मोफत झालं. १९९२ साली उपस्थिती भत्ता आला. पहिली ते चौथीच्या दलित, आदिवासी, भटक्या आणि दारिद्र्यरेषेखालच्या मुलींना शाळेत हजर राहिल्याबद्दल दिवसाला एक रुपया. त्या वेळी रुपयात काहीतरी यायचं. नंतर कित्येक वर्षं तो रुपयाचा रुपयाच राहिला. वही महाग झाली, पेन्सिल महाग झाली, मुलीच्या हजेरीचा भाव वाढला नाही.

एक सरकारी शिष्यवृत्ती मात्र नीट समजून घ्या, कारण आपल्या पोरी तिच्यात बसतात आणि अर्जच करत नाहीत. एनएमएमएस म्हणतात तिला. आठवीत परीक्षा असते. सरकारी, जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेत शिकणारं मूल, सातवीला ५५ टक्के गुण, अनुसूचित जाती-जमातीला त्यात ५ टक्के सवलत, आणि आईवडिलांचं वर्षाचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत. पास होऊन निवड झाली तर नववीपासून बारावीपर्यंत महिना एक हजार, म्हणजे वर्षाला बारा हजार. पैसे मुलाच्या खात्यात येतात. खात्याला आधार जोडलेलं लागतं आणि दरवर्षी अर्ज नव्यानं भरावा लागतो. इथंच बहुतेक जणी अडकतात. ही परीक्षाच आहे, म्हणजे जोतीरावांचा आक्षेप हिलाही लागू होतो. पण म्हणून सोडायची नाही.

आणि आता कंपन्या. २०१३ साली कंपन्यांचा नवा कायदा झाला. त्यातल्या १३५ व्या कलमानुसार १ एप्रिल २०१४ पासून मोठ्या कंपन्यांना समाजासाठी खर्च करणं बंधनकारक झालं. ज्या कंपनीचा निव्वळ नफा वर्षाला पाच कोटी किंवा जास्त आहे, किंवा उलाढाल हजार कोटी, किंवा मालमत्तेचं निव्वळ मूल्य पाचशे कोटी आहे, तिनं मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम अशा कामावर खर्च करायची. शिक्षण त्यात येतं. सरासरी नफा पाच कोटी असेल तर दोन टक्के म्हणजे दहा लाख. कंपनी ज्या भागात आहे त्या भागाला आधी प्राधान्य द्यावं, असंही कायदा सांगतो.

हे मी आमच्या गटात सांगितलं, तेव्हा ती भांडणारी मावशी एकदम गप्प झाली. मग म्हणाली, "म्हंजी हे त्यांनी द्यायचंच हाय?" हो, द्यायचंच आहे. कुठल्या गावाला द्यायचं, कुठल्या मुलीला द्यायचं हे ते ठरवतात. पण देणं कायद्यानं ठरलंय. कंपनीतले सगळे काही फोटोसाठीच येतात असं माझं म्हणणं नाही. मनापासून काम करणारी तरुण पोरं-पोरी मी पाहिली आहेत. त्यांनाही वर अहवाल द्यायचा असतो, आणि अहवालाला फोटो लागतो. पण फोटो कशाचा काढायचा, हे बोलता येतं. आजवर कुणी बोललंच नव्हतं.

आम्ही बोललो. त्या मुलीची आई आणि आणखी दोघी शाळा व्यवस्थापन समितीत आहेत. तुम्हाला ठाऊक असेल, त्या समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बाया असाव्याच लागतात. समितीनं ठराव केला आणि कंपनीच्या माणसांना बोलावलं. म्हटलं, पैसे हवेत. पण मुलींची नावं मांडवात पुकारायची नाहीत, घरची कथा विचारायची नाही, आणि पैसे जानेवारीत न देता जूनमध्ये द्या, कारण वह्या जूनमध्ये लागतात. निवडीत निम्म्या जागा गुणांवर आणि निम्म्या, ज्यांचं शाळा सोडायचं घाटतंय अशा मुलींना. त्या कोण, हे बाईंना आणि समितीला बरोबर ठाऊक असतं.

त्यांनी पहिल्या दोन गोष्टी लगेच मान्य केल्या. फोटो शाळेचा, पाठीमागून काढलेल्या वर्गाचा घेतला. जूनची गोष्ट त्यांच्या हिशेबाच्या वर्षात बसत नाही म्हणाले, मग जुलैअखेरीवर आलं. निम्म्या जागांचं अजून अडलं आहे. त्यांना गुणपत्रिका सोपी पडते, ती कागदावर दाखवता येते. "शाळा सोडायच्या बेतात आहे" याचा दाखला कुठून आणायचा, असं ते विचारतात. त्यांचंही खरं आहे. आम्ही हजेरीपट घेऊन पुन्हा बसणार आहोत.

ती नववीतली मुलगी आता दहावीत आहे. पैसे घेतले तिनं. आईनं ना केली होती, पोरगीच म्हणाली, मला पास काढायचाय.

मैत्रिणींनो, तुमच्या गावात मुठीचा डबा ठेवलेली एखादी म्हातारी अजून असेल. नव्वदीच्या घरात असेल ती. तिच्याकडं जा, डबा कसा होता, कोण न्यायला यायचं, धान्य कुठं जायचं, आणि तिची स्वतःची लेक शाळेत गेली का, हे तिला विचारा. फोनवर तिचा आवाज भरून घ्या आणि आपल्या केंद्रावर पाठवा. पुढच्या महिन्यात आपण ते आवाज ऐकवणार आहोत.